वायंगणातला स्वीट कॉर्न: पेरणीपासून तोडणीपर्यंत

प्रश्न गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाचा आहे. दोन हजार चौरस मीटर वायंगण जमीन (पावसाळी भातानंतर पाण्यावर दुसरं पीक घेता येतं ती सखल शेतजमीन), पाटाचं पाणी, राबायला घरचीच चार माणसं आणि गोठ्यात दोन गाई. गेल्या हंगामात भात कापल्यावर त्यांनी भाजीच्या वाफ्यांच्या कडेने दोन लांब ओळींत स्वीट कॉर्न लावला. निम्मं बी उगवलंच नाही. कणसं आली ती मधूनमधून पोकळ, काही तर पिठूळ आणि बेचव. जी बरी होती ती सगळी एकाच आठवड्यात तयार झाली, म्हणून पडेल भावात गेली. यंदा पहिल्यापासून नीट करायचं आहे, काय करावं?

तुमच्या चार तक्रारींपैकी एकीलाही खत किंवा औषध कारणीभूत नाही. बी खोल गेलं किंवा ओल जास्त झाली म्हणून उगवण गेली. दोनच ओळी होत्या म्हणून दाणे भरले नाहीत. बेचव कणसांबद्दल माझा संशय जवळपासच्या कुणाच्या तरी वैरणीच्या मक्यावर आहे. आणि भाव पडला तो एकाच दिवशी सगळं बी पेरल्यामुळे. म्हणजे बी विकत घेण्याआधी कागदावर जे ठरायला हवं होतं तेच राहून गेलं. गोव्यात हा मका तारखेवर आणि मांडणीवर उभा राहतो किंवा पडतो. बाकीची मशागत साध्या मक्यासारखीच आहे, तुमच्या हाताला ती कठीण नाही.

तारखेपासून सुरुवात करू. आपल्याकडे पेरणीपासून तोडणीला ७५ ते ८५ दिवस लागतात. नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत पेरलेला थोडा रेंगाळतो, जानेवारीतला लवकर येतो. सरदाचं म्हणजे पावसाळी भात, वाण ज्योती असो की जया, ऑक्टोबरात कापून निघतं. पण वायंगण जमीन लगेच हातात येत नाही. चिखलणी केलेल्या मातीखाली घट्ट थर बसलेला असतो आणि वरून कोरडी दिसणारी जमीन टाचेने दाबली की खाली चिकट लागते. अशा ओलीत पॉवर टिलर घातला तर विटेसारखी ढेकळं निघतात, ती मग हंगामभर फुटत नाहीत. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून पसरली तर वाफसा आला. डिचोली-साखळीकडच्या भारी जमिनीत हे बहुतेक नोव्हेंबरच्या मध्यावर जमतं. पेडण्याकडच्या हलक्या रेताड जमिनीत आठ-दहा दिवस आधी जमेल, पण तिथे पाणीही दर तीन-चार दिवसांनी द्यावं लागेल, हा हिशेब ठेवा.

शेवटची तारीख मी जानेवारीचा पहिला आठवडा धरतो. त्यानंतर पेरलेला मका मार्चमध्ये तुऱ्यावर, म्हणजे फुलोऱ्यावर येतो. किनाऱ्यावर तेव्हाही निभतं, पण सत्तरी-डिचोलीच्या आतल्या भागात दुपारचा पारा ३५ अंशांवर गेला की पराग सुकतात आणि कणसाचे केस वाळतात. शिवाय पाटाचं पाणी त्याच सुमाराला पाळीवर जातं. अंजुणे धरण असो की तिळारीचा कालवा, पाणी कधी बंद होणार हे पेरणीच्या आधी विचारून घ्या. मक्याला शेवटचे तीन आठवडे पाणी नाही मिळालं तर आधीचे दोन महिने फुकट गेले म्हणायचे.

आता विक्री. स्वीट कॉर्न शेतात फार थांबत नाही. एका दिवशी पेरलेला तुकडा चार-पाच दिवसांत तोडावाच लागतो, उन्हाळा लागल्यावर तीन दिवसांत. म्हणून दोन हजार चौरस मीटर एकदम मक्याखाली घालू नका. तीनशे-तीनशे चौरस मीटरचे तीन तुकडे करा आणि पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरा. उरलेल्या जागेत मिरची, अळसांदे (गोव्याची टपोरी चवळी), नवलकोल, जे नेहमी करता ते करा. तीनशे मीटरमध्ये साधारण दोन हजार झाडं बसतात, त्यातून दीड हजार विकण्याजोगी कणसं धरा. घरच्या माणसांना म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात आणि रस्त्याकडेला बसून एवढंच आवरतं. कुणी उकडलेली कणसं विकणारा रोजचा गिऱ्हाईक मिळाला तर तुकडा मोठा करा, आधी नको.

तारखा मागे मोजताना जत्रांचा विचार जरूर करा, पण डोळे उघडे ठेवून. महाशिवरात्रीला हरवळेच्या रुद्रेश्वराकडे लोटणारी गर्दी बघून कुणालाही मोह होईल. तिथे येणाऱ्यांतले निम्मे उपवासाचे, ते मक्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत. त्यापेक्षा शिगम्याचे दिवस बरे. रात्री मेळ आणि चित्ररथ बघायला लोक रस्त्यावर उभे असतात, पोरं बरोबर असतात आणि गरम कणसाला कुणी नाही म्हणत नाही.

दहा लहान तुकडे करून रोज थोडी थोडी कणसं काढावीत, असंही काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. पहिलं कारण परागीकरणाचं, ते पुढे येईल. दुसरं लष्करी अळीचं. शेतात सतत कोवळा मका असला की तिला एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जायला घरच्या घरी वाट मिळते आणि शेवटच्या तुकड्याचे हाल होतात. तीन तुकडे, फार तर चार.

बियाण्याबद्दल. बाजारात मिळणारे बहुतेक संकरित वाण अतिगोड प्रकारातले असतात. शुगर ७५ हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव. या बियांत साखरेचं पिष्टात रूपांतर नीट होत नाही, म्हणून दाणा गोड, आणि म्हणूनच वाळल्यावर बी सुरकुतलेलं, हलकं, पोटात शिदोरी कमी असलेलं. साध्या मक्याचं बी दोन इंच खोल गेलं तरी डोकं वर काढतं. हे तेवढ्यात दमतं आणि मातीतच कुजतं. अडीच ते तीन सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या पहिल्या पेराएवढं खोल, त्याहून जास्त नाही. पेरताना माती ओलसर असावी. पेरल्यावर लगेच पाट सोडून वाफा भरू नका, थंड चिखलात हे बी हमखास जातं. आदल्या दिवशी सरी भिजवून दुसऱ्या दिवशी पेरलेलं उत्तम.

पाकीट फोडल्यावर वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. पाच दिवसांत सोळा-सतरा मोडावल्या तर बी ठीक. बारा-तेराच आल्या तर एका जागी दोन-दोन टाका किंवा दुकानात परत न्या. बियांवर लाल-गुलाबी औषध लावलेलं असतं, तेव्हा हात धुवा आणि कोंबड्यांपासून जपा. आपल्याच शेतातली कणसं वाळवून पुढच्या वर्षी पेरायचा विचार मात्र सोडून द्या. संकरित वाणाची पुढची पिढी कशीही निघते.

मोर, कावळे आणि मुंग्या बी उकरतात अशी जागा असेल तर ट्रेमध्ये रोपं करा. कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं खत मिसळून एका खाचेत एक बी, आणि दहा-बारा दिवसांची, दोन-तीन पानांची रोपं मातीच्या गोळ्यासकट लावायची. जास्त वय झालं की मूळ गुंडाळतं आणि झाड खुजं राहतं. मी थेट पेरणी करतो तेव्हाही त्याच दिवशी शंभरेक रोपं ट्रेमध्ये टाकून ठेवतो, नांगे म्हणजे न उगवलेल्या जागा भरायला. आठ दिवसांनी रिकाम्या जागी पुन्हा बी टाकणं व्यर्थ आहे. ते झाड शेजारच्यांच्या सावलीत वाढतं आणि त्याचे केस बाहेर येतात तेव्हा तुरे झडून गेलेले असतात.

दोन ओळींत ६० सेंटिमीटर आणि दोन झाडांत २५ सेंटिमीटर ठेवा. वरंब्याच्या कुशीत पेरा, डोक्यावर नको. वायंगणात सरी-वरंबा हवाच. कोवळा मका पाण्यात दोन-तीन दिवस उभा राहिला तर पिवळा पडून बसतो, मग कितीही युरिया घाला.

आता तुमच्या पोकळ कणसांकडे येतो. मक्याचा नर शेंड्याला, तुऱ्यात. मादी मध्ये, कणसात. कणसातून बाहेर येणारा प्रत्येक केस आत एका दाण्याला जोडलेला असतो. भरलेल्या कणसात पाचशेच्या आसपास दाणे असतात, म्हणजे तेवढ्या केसांवर एकेक तरी परागकण पडायला हवा. हे काम वारा करतो. परागकण जड असतात, बहुतेक आपल्याच झाडाजवळ पडतात. दोन लांब ओळी असल्या की वारा आडवा आला रे आला, पराग सगळे मिरच्यांवर. म्हणून मका चौकोनात लावायचा. तीनशे मीटरचा चौकोन म्हणजे सतरा मीटर लांब, सतरा मीटर रुंद, त्यात ६० सेंटिमीटरने अठ्ठावीसेक ओळी. अगदी परसात शंभर झाडं लावायची असली तरी दहा ओळींत दहा-दहा लावा.

तुरा आधी फुटतो, केस दोन-तीन दिवसांनी येतात. दव सुकल्यावर, सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान तुऱ्याला टिचकी मारून बघा, पिवळी धूळ उडते. एक तुरा आठवडाभर धूळ देतो. वारा पडलेला असेल किंवा कडेच्या ओळी विरळ असतील तर त्या वेळी ओळीतून चालत ताटं हलकेच हलवायची. मुलांना सुट्टीच्या दिवशी हे काम सांगा, आवडीने करतात. अगदी थोडी झाडं असतील तर कागदाच्या पिशवीत तुरे झाडून ती धूळ चिमटीने केसांवर टाका. हात कोरडे हवेत.

पराग लागले की नाही हे कळायला वीस दिवस थांबायची गरज नाही. केस आल्यावर पाच-सहा दिवसांनी मधल्या ओळीतलं एक कणीस तोडा. वरची पानं ब्लेडने उभी चिरून हलक्या हाताने सोला, केसांना धक्का लागू देऊ नका. मग कणीस देठाकडून धरून उलटं करा आणि झटका. ज्या दाण्याला पराग मिळाला त्याचा केस गळून पडतो. ज्याला मिळाला नाही त्याचा चिकटून राहतो. निम्मे केस तसेच लोंबत राहिले तर अजून दोन-तीन दिवस सकाळी ताटं हलवायची संधी आहे. बुडाकडचे केस आधी बाहेर येतात, शेंड्याकडचे शेवटी. म्हणून मधूनमधून दाणे गायब असतील तर परागांची कमतरता, आणि फक्त शेंडा रिकामा राहिला तर बहुधा फुलोऱ्यात पाण्याचा किंवा खताचा ताण. तोडणीच्या वेळी दहा कणसं सोलून एवढं बघितलंत तर पुढच्या तुकड्यात काय बदलायचं ते कळेल.

बेचव कणसांची गोष्टही परागांचीच. गायींसाठी आफ्रिकन टॉल मका लावणारे दूधवाले आता गावोगाव आहेत. त्याचे पराग तुमच्या केसांवर पडले की तो दाणा त्याच हंगामात पिठूळ होतो, पुढच्या पिढीची वाट बघत नाही. एकाच कणसात काही दाणे टपोरे, काही चपटे दिसले तर हेच समजा. अंतर ठेवायचं तर अडीचशे-तीनशे मीटर तरी हवं. आपल्या तुकड्या-तुकड्यांच्या जमिनीत ते जमणार नाही. मग तारखेत फरक ठेवायचा, दोघांच्या फुलोऱ्यात किमान दोन आठवडे. शेजाऱ्याला जाऊन सरळ विचारा, भावा, वैरण कधी पेरतोस. वैरणीचा मका तुऱ्याआधीच कापायला तो तयार झाला तर प्रश्नच मिटला. तुमच्या गाईंसाठीही वेगळा मका लावू नका, कारण ताटं याच पिकातून मिळणार आहेत. आणि तिन्ही तुकड्यांत वाण एकच ठेवा. गोडीचे प्रकार वेगवेगळे असतात, त्यांचा आपसात संकर झाला तरी दाणा पिठूळच निघतो.

जमीन आणि खत थोडक्यात. आपली बहुतेक जमीन आंबट आहे. आधी माती तपासून घ्या, कृषी खात्याकडे किंवा जुने गोवे इथल्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. सामू (पीएच) साडेपाचच्या खाली असेल तर पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी शंभर चौरस मीटरला २० किलोच्या आसपास डोलोमाइट किंवा शेतीचा चुना मातीत मिसळा. नाहीतर घातलेलं स्फुरद (फॉस्फरस) मातीतच अडकतं आणि रोपांची पानं कडेने जांभळी दिसतात. खाजन, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन असेल तर हा मका लावूच नका. खारं पाणी त्याला सोसत नाही.

शंभर चौरस मीटरचा हिशेब असा. चांगलं कुजलेलं शेणखत १०० ते १५० किलो. पेरताना १०:२६:२६ हे मिश्रखत सव्वादोन किलो, बियांपासून चार बोटं बाजूला. झिंक सल्फेट २५० ग्रॅम, पण ते स्फुरदाच्या खतात मिसळायचं नाही, वेगळं टाकायचं. युरिया एकूण २ किलो ७०० ग्रॅम, तीन समान हप्त्यांत: पहिला तीन आठवड्यांनी, दुसरा पाच आठवड्यांनी, तिसरा तुरा डोकावताना. शेणखत जास्त घातलं असेल तर तिसरा हप्ता निम्मा करा. बी शंभर मीटरला शंभर ग्रॅम पुरतं. गोमूत्र, जीवामृत देणारेही आहेत, द्यायला हरकत नाही. पण हे पीक अडीच महिन्यांत माणसाच्या डोक्यावर जातं, त्याला नत्र कुठून तरी मिळालंच पाहिजे.

पहिला महिना तणाचा. दोन खुरपण्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवसाच्या सुमारास, आणि दुसरीबरोबर युरिया देऊन मातीची भर. मका उथळ मुळांचा आहे, भर नसेल तर एका वाऱ्यात आडवा होतो. तणनाशकाची एवढ्याशा जागेत गरज नाही, शेजारी मिरची आणि अळसांदे असताना तर नकोच. दोन ओळींच्या मधल्या जागेत तांबडी भाजी किंवा मुळा टाका. मक्याची सावली पडेपर्यंत ती बाजारात जाते आणि बियाण्याचा खर्च निघतो. बुडाला फुटवे येतात, ते मोडत बसू नका. मोडल्याने कणीस मोठं होत नाही, वेळ जातो आणि जखमेतून रोग शिरतो.

पाणी भारी जमिनीत सहा ते आठ दिवसांनी पुरतं. दुपारी पानं गुंडाळलेली दिसली आणि संध्याकाळी उलगडली तर अजून एक दिवस चालेल. सकाळीही गुंडाळलेलीच असली तर उशीर झाला आहे. गुडघ्याएवढा असताना थोडी ओढ बसली तर झाड सावरून घेतं. तुरा निघाल्यापासून दाण्यात दूध भरेपर्यंत मात्र एकही पाळी चुकवायची नाही.

आता अळी. अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली आणि तेव्हापासून मका लावणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याला ताप झाली आहे. डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके, ही तिची खूण. सुरुवात पानावर पांढुरक्या खिडक्यांसारख्या चट्ट्यांनी होते. त्या वेळी अळी तांदळाच्या कणीएवढी असते आणि काहीही केलं तरी मरते. आठ-दहा दिवसांनी ती पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत शिरून बसते, पानांना ओळीने भोकं दिसतात आणि पोंगा ओल्या भुश्श्यासारख्या विष्ठेने भरतो. मग औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून उगवल्यापासून आठवड्यातून दोनदा सकाळी शेतातून नागमोडी फिरा, पाच ठिकाणी दहा-दहा झाडं बघा. पानाच्या पाठीवर केसाळ, मळकट अंडीपुंज दिसले की बोटाने चिरडा. तीनशे मीटरच्या तुकड्यात हे दोन माणसांचं अर्ध्या तासाचं काम आहे आणि याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. एक-दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावले की पतंग कधी आले ते कळतं. कोरड्या बारीक रेतीत नऊला एक या प्रमाणात चुना मिसळून चिमूटभर पोंग्यात टाकायची पद्धतही लहान शेतात चांगली चालते. अळी घासून मरते. पहिल्या दोन आठवड्यांत निंबोळी अर्क ५ टक्के फवारा. तरीही पन्नासपैकी पाचाहून जास्त झाडं लागलेली दिसली तर इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के, लिटरला ०.४ ग्रॅम, किंवा क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ टक्के, लिटरला ०.४ मिलि. सोळा लिटरच्या पंपाला तेच साडेसहा ग्रॅम किंवा साडेसहा मिलि. दोन्ही एकत्र नाही आणि लागोपाठ तेच तेच नाही. संध्याकाळी, नोझल पोंग्यात रोखून. तुरा फुटल्यावर फवारणी बंद. मधमाश्या तुऱ्यावर येतात आणि कणीस पोरांच्या तोंडात जाणार असतं. तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा. कणसाच्या शेंड्यात एखादी अळी निघालीच तर शेंडा कापून विका. गिऱ्हाईक समजून घेतं.

जनावरं. रानाच्या कडेला शेत असेल तर मी आधी कुंपण विचारतो, मग बियाणं. रानडुकराला दूध भरलेल्या कणसाचा वास कुठून येतो देव जाणे, पण पंचवीस-तीस झाडं तो एका रात्रीत आडवी करतो. गवेरेडे आले तर कुंपणाचंही काही खरं नाही. सौर कुंपणाला कृषी खात्याकडून अनुदान मिळतं का, कृषी कार्ड घेऊन विभागीय कार्यालयात चौकशी करा. खेती, म्हणजे माकडं, दिवसा येतात आणि अर्धं खाऊन अर्धं टाकतात. त्यांच्यावर माणूस हाच उपाय. पोपटांसाठी केस तपकिरी व्हायला लागल्यावर चकाकत्या फिती बांधा. तीन-चार दिवसांनी त्या जागच्या हलवा, नाहीतर पोपट त्यांच्यावरच झोके घेतात. मोराला कायद्याने संरक्षण आहे, त्याच्यावर जाळी हाच मार्ग. तुमचे तीन तुकडे घराजवळ आणि एकमेकांना लागून ठेवा, राखण एकाच माणसाला करता येते.

तोडणी. पहिले केस दिसले त्या दिवशी तुकड्याच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये एकेका झाडाला चिंधी बांधा आणि तारीख लिहा. तिथून अठरा ते बावीस दिवस. अठराव्या दिवसापासून रोज सकाळी फेरी मारायची. केस वाळून तपकिरी झालेले, पण वरची पानं अजून हिरवी आणि ताठ. शेंडा हाताने चाचपून बघा. टोकदार लागला तर थांबा, बोथट आणि भरीव लागला तर तयार. प्रत्येक कणीस सोलून बघायची सवय लावू नका. उघडलेल्या कणसात मुंग्या जातात आणि गिऱ्हाईक ते बाजूला काढतं. शंका असेल तर एकच उघडा आणि मधल्या दाण्यात नख रोवा. पाणचट रस आला तर दोन-तीन दिवस अजून. ताकासारखा पांढरा उडाला तर आजच तोडा. नखाला पीठ लागलं तर ते कणीस गाईला.

कणीस खाली दाबून पिळलं की सुटतं. उन्हं वर यायच्या आत तोडणी संपली पाहिजे. तोडल्यापासून साखर कमी व्हायला लागते. अतिगोड वाणांत ती हळू उतरते, म्हणून सकाळचं कणीस संध्याकाळी विकता येतं, पण गरम राहिलं तर नाही. सालीसकट ठेवा, सावलीत पसरा, वर ओला गोणपाट. पोत्यात दाबून भरलेली कणसं आतून तापतात, हात घालून बघा. म्हणून क्रेटच बरे. घरात ठेवायची असतील तर सालीसकट फ्रीजमध्ये, तीन-चार दिवस चांगली राहतात. एका झाडाला एकच मोठं कणीस धरा. खालचं दुसरं बहुतेक अर्धवट राहतं. ते केस आल्यावर एक-दोन दिवसांतच काढलं तर बेबी कॉर्न म्हणून घरी किंवा ओळखीच्या हॉटेलात चालतं.

कणसं काढली की ताटं त्याच दिवशी, हिरवी असतानाच बुडातून कापायला घ्या. दोन गाईंना एका तुकड्याची वैरण बरेच दिवस पुरते, कुट्टी करून घातली तर वाया जात नाही. रोज लागेल तेवढीच कापली तरी चालेल, पण आठवड्याच्या वर उभी ठेवू नका. नाहीतर त्यातली अळी शेजारच्या कोवळ्या तुकड्यात शिरते. फवारणी झालेली ताटं गाईला घालण्याआधी डब्यावरचे दिवस पुन्हा मोजा. पहिला तुकडा फेब्रुवारीच्या सुरुवातीला मोकळा होईल. तिथे लगेच अळसांदे किंवा चवळी पेरा. ओल आहे तोवर उगवते आणि पाटाचं पाणी थांबायच्या आत शेंगा हाताला येतात.

तुमच्या चिठ्ठीच्या शेवटी पावसाळ्यात हाच मका लावावा का असं विचारलं आहे. वायंगणात नाही, तिथे भातच. मरडावर, पाणी न थांबणाऱ्या उताराच्या जमिनीत, उंच वरंब्यावर लहान तुकडा करून बघायला हरकत नाही. जूनच्या पहिल्या पावसात पेरलं तर फुलोरा जुलैच्या शेवटी येतो. मुसळधार पाऊस लागून राहिला तर पराग धुऊन जातात आणि पानांवर करपा येतो. चार दिवस उघडीप मिळाली तर कणसं बाजारात येतील, कारण तेव्हा दुसऱ्या कुणाकडे नसतात. त्या तुकड्यावर घरखर्चाचा हिशेब मात्र बांधू नका.